कोल्हापुरात 'नाद' म्हणजे नक्की काय काय?

संत्रानगरीकर:
मंडळी, मी मूळचा नागपूरचा, सध्या बदलीमुळे कोल्हापुरात येऊन पडलोय. गाव झकास आहे, माणसं दिलदार आहेत, पण एका शब्दानं डोकं पार भंजाळून टाकलंय. नाद. सकाळी मिसळ खायला गेलो तर शेजारचा पोरगा पहिल्याच घासाला म्हणतो 'नादखुळा!', म्हटलं चांगलं काहीतरी असेल. दुपारी घरमालक काका म्हणाले 'वरच्या मजल्यावरच्याच्या नादाला लागू नका', म्हणजे वाईट. ऑफिसातला एक जण चार वाजताच गायब, विचारलं तर 'त्येला कबुतरांचा नाद हाय', आणि हे सांगणाऱ्याच्या तोंडावर कौतुक होतं का कीव तेच समजेना. वरून संध्याकाळी पुढच्या गाडीच्या काचेवर 'नाद करा पण आमचा कुठं'. आमच्याकडं नाद लागला म्हणजे पोरगं वाया गेलं, घरात रडारड, विषय संपला. इथं कौतुक पण नाद, धमकी पण नाद, व्यसन पण नाद. काहून असं? कोणीतरी नीट समजावून सांगा राजेहो.

पंचगंगाकाठी:
भावा, सोपं हाय. नाद एकटा कधी बघायचाच न्हाई, त्याच्या शेजारी कुठलं क्रियापद उभं हाय ते बघायचं. नाद 'लागला' म्हंजे तुझ्या हातात काय ऱ्हायलं न्हाई. नाद 'केला' म्हंजे तू हून केलास, समजून उमजून, पदरचं पैसं घालून, त्यात रुबाब हाय. नाद 'सोडला' म्हंजे एकतर दमला न्हाईतर लगीन झालं. नादी 'लावला' म्हंजे दुसऱ्यानं बिघडवला, हे फक्त आई म्हणती, कारण कुठल्याच आईचं पोरगं आपल्या आपण बिघडत न्हाई. नादाला 'लागणं' म्हंजे कुणाच्या तरी वाटंला जाणं. आणि नाद करायचा 'न्हाई' म्हंजे बरोबरी करायला येऊ नगंस, तोंडावर पडशील.

दुसरं म्हंजे नाद कुणाचा ते बघायचं. माझा असला तर अभिमान, तुझा असला तर टोमणा, त्याचा असला तर चहाबरोबर चघळायला. तुमच्या ऑफिसातल्या कबुतरवाल्याचं म्हणशीला तर त्यो बिचारा आभाळाकडं बघत बसला असंल गच्चीवर. सकाळी सोडलेली कबुतरं कुणाची किती तास हवेत टिकत्यात ह्याच्या स्पर्धा असत्यात, खाली उतरलं की घड्याळ बंद. मान दुखती, बायको बोलती, साहेब मेमो देतो, तरी माणूस गच्चीवर. आता हे कौतुक का कीव? दोन्ही. एकाच दमात दोन्ही म्हणायची सोय म्हणून तर शब्द टिकलाय.

मधलीसुट्टी:
धागा पळणार. शेंगदाणे घेऊन बसलेय.

सदाशिव_शुद्ध:
माफ करा, पण या चर्चेत मूळ अर्थ कुणालाच आठवू नये याचं वाईट वाटलं. नाद म्हणजे ध्वनी. घंटानाद, शंखनाद, निनाद, नादब्रह्म हे शब्द आपण विसरलो का? देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवानं तेराव्या शतकात संगीतरत्नाकर लिहिला, त्यात नादाची आहत (आघातानं उमटणारा) आणि अनाहत (आघाताविना असणारा) अशी विभागणी आहे आणि शब्दाची फोडही दिली आहे, न म्हणजे प्राण आणि द म्हणजे अग्नी, या दोघांच्या संयोगातून नाद निर्माण होतो. एवढी थोर परंपरा असलेला शब्द आज मटणाच्या ताटाला लावला जातो. चालू द्या.

पंचगंगाकाठी:
शुद्धकाका, प्राण आणि अग्नी म्हणताय ना, आमच्याकडं त्यालाच 'जाळ अन् धूर संगटच' म्हणत्यात. शार्ङ्गदेव जरा दक्षिणेला सरकला असता तर त्यानं पण तांबड्या रश्श्याला नादखुळाच म्हटलं असतं.

आणि परंपरेचं आम्हाला सांगू नगासा. अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी दरबारात ठेवून घेतलं ते ह्याच गावात. देवल क्लबात गाणं ऐकून यायचं आणि तिथनं तालमीत जायचं, दोन्ही नाद करणारी माणसं एकाच पेठेत ऱ्हात होती.

मधलीसुट्टी:
जाळ अन् धूर = प्राण + अग्नी. मेले हसून.

तात्या_सासवडकर:
शुद्ध यांचा मुद्दा मोडीत काढू नका, उलट तिथंच उत्तर आहे असं मला वाटतं. आवाज या अर्थाचा शब्द वेड या अर्थाकडं कसा वळला? भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, त्यात एक हरिण आहे. पारध्याच्या गाण्याला भुलून ते जागच्या जागी थांबतं आणि सापडतं. नाथांनी एकनाथी भागवतात याच स्कंधावर टीका केली, त्यामुळे हे हरिण कीर्तना-प्रवचनांतून गावोगावच्या देवळांत पोचलं. पतंग रूपाला भुलून दिव्यावर जातो, मासा चवीला भुलून गळाला लागतो, तसं हरिण नादाला भुलतं. आता 'नादी लागला' हे शब्द पुन्हा म्हणून बघा. कानावर काहीतरी पडलं आणि माणूस कामधाम टाकून त्या दिशेनं चालू लागला, असंच चित्र डोळ्यापुढं उभं राहतं की नाही? हा माझा अंदाज आहे, व्युत्पत्तीवाल्यांनी भांडायला येऊ नये.

अवांतर, छंद शब्दाचंही तेच झालंय. मुळात वृत्त, आणि आता तिकिटं जमवणं. गाण्याबजावण्यातले शब्द मराठी माणूस फार लवकर घरगुती करून टाकतो, ताल सोडला, सूर लागेना, रंग चढला, सगळं तिथलंच.

संत्रानगरीकर:
तात्या जबरदस्त. म्हणजे आमच्या ऑफिसातला तो हरिण झाला.

रापणकर:
आमच्याकडे सिंधुदुर्गात अजून नादात रुबाब बिबाब काय शिरलेलो नाय. 'तेच्या नादाक लागा नको' इतक्याच आयकत लहानाचे मोठे झालो. म्हणजे भांडखोर माणूस असो, दारू असो, मुंबैक पळून जावचो बेत असो, सगळ्याक ह्याच वाक्य. फक्त एका बाबतीत सूट, दशावतार. जत्रांच्या दिवसात माणसं रात्रभर नाटक बघतत, सकाळी कामार जातत नि दुसऱ्या रात्री शेजारच्या गावात परत हजर. कोणी 'नाद लागलो' म्हणान नावां ठेवी नाय, कारण नावां ठेवणारो सुदिक बाजूक बसलेलो असता.

घाटाचा_राजा:
नादावर चर्चा आणि बैलगाड्याचं नाव नाही? नाद एकच, बैलगाडा शर्यत. आमच्या खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ भागात जाऊन बघा, निम्म्या पिकअपच्या मागं हेच वाक्य दिसेल.

मी थोडं सविस्तर सांगतो, कारण बाहेरच्यांना वाटतं दोन बैल पळवले की झाली शर्यत. आमच्याकडं गाड्याला बैलांच्या दोन जोड्या आणि त्यांच्या पुढं घोडी, घोडीवर स्वार. गाड्यावर माणूस नाही. चढाचा घाट असतो, खालून गाडा सुटतो, वर निशाण पडतं आणि सगळा खेळ सेकंदांत संपतो. एक बारी म्हणजे डोळ्याचं पातं लवतं न लवतं तेवढीच, पण त्याच्यासाठी वर्षभर बैलाला खुराक, पोहणी, चालवणी, रात्री गोठ्यात जाऊन दोनदा बघायचं. आमच्या चुलत्यांच्या जेवणाची वेळ चुकेल पण बैलाच्या पेंडीची कधी चुकली नाही. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बंदी घातली, मग २०१७ ला राज्यानं कायदा केला तर हायकोर्टात स्थगिती, शेवटी डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं कायदा वैध ठरवला. मधली सात-साडेसात वर्षं शर्यत नाही, तरी दावणीला बैल होते. लोक विचारायचे कशाला सांभाळता, खायला काळ आणि भुईला भार. उत्तर एकच, नाद. तो शब्द नसता तर काय सांगितलं असतं लोकांना? खर्चाचा हिशोब मांडून पटवणार होतो का?

सदाशिव_शुद्ध:
आणि ज्यांनी बंदी मागितली त्यांचं म्हणणं काय होतं तेही लिहा की. बैलांची शेपटी पिरगाळणं, काठीला खिळे लावणं हे होत होतं म्हणूनच प्रकरण कोर्टात गेलं. आता परवानगी नियम-अटींवर आहे. नाद माणसाला, धाप बैलाला.

घाटाचा_राजा:
नियम पाळलेच पाहिजेत, त्यात वाद नाही, जो बैलाला मारतो तो आमच्यात गाडामालक म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही. 'नाद माणसाला धाप बैलाला' मात्र भारी लिहिलंत, चिडलोय तरी मान्य करतो.

ओटीवरची:
सगळं वाचलं. मजा आली. आता एक विचारते, एवढ्या प्रतिसादांत एका तरी बाईच्या नादाचा उल्लेख आलाय का? कबुतरं पुरुषांची, बैल पुरुषांचे, मटणावर ताव मारून नादखुळा म्हणणारे पुरुष. बाईनं तेच केलं की शब्द बदलतो. तिला नाद नसतो, तिला 'हौस' असते. साडीची हौस, दागिन्यांची हौस, फार तर भिशीची हौस. आणि हौसेच्या पलीकडं गेली की थेट 'थेरं'. मधली जागा, जिथं माणूस पैसे, वेळ, झोप सगळं घालून एखादी गोष्ट छाती पुढं काढून करतो, ती जागा शब्दानं फक्त पुरुषांसाठी राखून ठेवलीय. आमच्या कॉलनीत एक काकू ट्रेकला जातात, सांधेदुखीच्या गोळ्या खिशात ठेवून गडावर चढतात, आणि लोक काय म्हणतात? 'या वयात कसली हौस बाई.' त्याच वयाचा काका गेला तर 'नाद लागतो ओ, नाद!'

बाईच्या बाबतीत नाद शब्द एकाच ठिकाणी हमखास येतो, 'त्याला बाईचा नाद आहे'. तिथंही नाद त्याचाच, ती फक्त कबुतर.

मधलीसुट्टी:
शेंगदाणे खाली ठेवले. उभी राहून टाळ्या.

पंचगंगाकाठी:
वैनी, खरं हाय पण पूर्ण खरं न्हाई. आमच्या आज्जीला मिश्रीचा नाद होता की.

ओटीवरची:
तिच्यासमोर कधी 'नाद' म्हणालात? का 'मिश्रीची सवय' म्हणायचात?

पंचगंगाकाठी:
...सवय. सापडलो.

पण आता बदलतंय बरं का. आमच्या पेठेतल्या पोरी शाहू स्टेडियमला फुटबॉल बघायला येत्यात, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी मंडळ, कुणाचा मिडफिल्डर कुणीकडं गेला सगळं तोंडपाठ. परवा एकीला तिचा मामा म्हणाला 'लई नाद लागलाय तुला', तर पोरगी म्हणती 'लागला न्हाई, केलाय'. मामा गप. मी वर जे क्रियापदांचं पुराण सांगितलं ते त्या पोरीनं दोन शब्दांत संपवलं.

ओटीवरची:
'लागला न्हाई, केलाय'. त्या पोरीला माझ्याकडून एक सोळंकुरी. म्हणजे काय ते विचारू नका, आत्ताच बनवलाय शब्द, तुमच्यात चालतं ना सगळं.

सतारगल्ली:
मी मिरजेचा. आमच्याकडं दोन्ही अर्थ एकाच दुकानात बसलेले असतात. तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवतात, कणभर पुढं, कणभर मागं, आणि एका ठिकाणी आल्यावर साधी टणटण वाजणारी तार एकदम फुलून गुंजायला लागते. त्याला जवारी म्हणतात. ती घोडी कानसंनं घासून घासून जवारी काढायची, आणि ते काम डोळ्यांनी होत नाही, कानानंच होतं. घासायचं, तार चढवायची, छेडायची, मान हलवायची, परत उतरवायची, परत घासायचं. गिऱ्हाईकाला कळणारसुद्धा नाही इतका फरक असतो, तरी कारागीर उठत नाही. पंढरपूरकडून आणलेला भोपळा, वर लाकूड, आणि माणूस तासन्‌तास त्यावर वाकलेला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं, पेपरात फोटो आले, पण नवीन पोरं या कामाला बसायला तयार नाहीत. जुनी माणसं म्हणतात पगार देऊन कारागीर मिळेल, नाद कुठून देणार. आता हा कुठला नाद, ध्वनी का वेड, तुम्हीच ठरवा.

तात्या_सासवडकर:
वा. शुद्ध, तुम्हाला पाहिजे होता तो अर्थ मिळाला की नाही?

सदाशिव_शुद्ध:
मिळाला. उत्तम प्रतिसाद.

नवखा_भिडू:
नादान पण ह्यातूनच आलाय का? नाद + आन? म्हणजे नादापायी अक्कल गेलेला?

तात्या_सासवडकर:
नाही हो. नादान फारसी. ना म्हणजे नकार आणि दान म्हणजे जाणणारा, तोच दान जो कदरदानात आहे. अर्थ जवळचा वाटतो म्हणून नातं जुळवू नये. नादिष्ट मात्र याच घरातला, नादावणे पण.

उतू_गेलं:
आणि ते 'च्या नादात' राहिलंच की. 'बोलण्याच्या नादात स्टॉप गेला', 'मोबाईलच्या नादात जेवण गार झालं'. इथं वेड नाही, व्यसन नाही, रुबाब तर नाहीच नाही, नुसतं लक्ष दुसरीकडं. माझ्या मते दिवसभरात सगळ्यात जास्त हाच नाद वापरला जातो आणि याच्यावर कुणी स्टिकर काढत नाही. हा धागा वाचायच्या नादात माझं दूध गेलंय, आयडी सार्थकी लागला.

म्हसरं_आणि_मी:
उशिरा आलो, धारांचा टाइम होता. मिरजेच्या भावानं दोन्ही अर्थ एका दुकानात दाखवलं, आता आमच्या म्हशी बघा. कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवत्यात, सागरमाळ, कसबा बावडा, ज्यांनी बघितलं न्हाई त्यांनी एकदा या. म्हशीला धुवून तेल लावून काळीभोर चकचकीत करायची, शिंगं रंगवायची, गळ्यात माळा, घुंगरं. मग मालक मोटारसायकलवर आणि गाडीच्या सायलेन्सरची पुंगळी काढलेली. ती गाडी फाडफाड ओरडत पुढं आणि म्हैस मागनं धावत. दोरी न्हाई, काठी न्हाई. एवढ्या कल्लोळात, हलगी वाजतीया, माणसं वरडत्यात, दुसऱ्या दहा गाड्या कोकलत्यात, तरी म्हैस आपल्याच मालकाच्या गाडीच्या आवाजामागं जाती. त्याची सवय आधी कितीतरी दिवस लावायला लागती, रोज पहाटं थोडं थोडं. सुरवातीला म्हैस दोन पावलं येती आणि थांबून बघत ऱ्हाती, मग मालक गाडी रेस करतो, लाडानं हाक मारतो, पेंड दाखवतो. गल्लीतली झोपलेली माणसं शिव्या देत्यात ते वेगळंच.

तर शुद्धकाका, त्यो पुंगळी काढलेला आवाज म्हंजे पण नाद, त्याच्या मागं लागलेली म्हैस म्हंजे तात्यांचं हरिण, आणि ह्या सगळ्यापायी दिवाळीचा बोनस घालवणारा मालक म्हंजे नादखुळा.

तात्या_सासवडकर:
फक्त या हरिणाला पारधी मारत नाही, वर्षभर पेंड घालतो. अवधूताला हा पंचविसावा गुरू चालला असता.

संत्रानगरीकर:
आता थोडं थोडं समजून राह्यलं. आज ऑफिसात वापरून पण बघितला. साहेबांनी प्रेझेंटेशन दिलं, मी मागून हळूच म्हटलं 'नादखुळा', तर शेजारची सहकारी म्हणाली साहेबांना असं नाही म्हणायचं. मग कुणाला म्हणायचं?

पंचगंगाकाठी:
बरोबरीच्याला, न्हाईतर ताटाला. साहेब रिटायर झाला की मग म्हणायचं.

बावधनकर_बंटी:
मला विचाराल तर शब्दाची मजा रीलवाल्यांनी घालवली. पुण्यात आता टी-शर्टवर नादखुळा, मेन्यूकार्डवर नादखुळा थाळी, मिसळ नादखुळा, वडापाव नादखुळा, आमच्या इथं एका ड्रायक्लीनरनंसुद्धा बोर्डावर लिहिलंय. कपडे धुण्यात कसला आलाय नाद. प्रत्येक गोष्ट नादखुळा झाली तर खऱ्या नादखुळ्यानं स्वतःला काय म्हणायचं?

म्हसरं_आणि_मी:
खरा स्वतःला काय म्हणत न्हाई, त्यो गोठ्यात असतोय.

नवखा_भिडू:
शेवटचा प्रश्न, गाडीवर टाकायचंय. नाद खुळा असं तोडून लिहायचं का नादखुळा जोडून?

सदाशिव_शुद्ध:
जोडून. समास आहे. नादाने खुळा झालेला तो नादखुळा. तोडून लिहिलंत तर खुळा कोण, नाद की तुम्ही, असा गोंधळ होतो.

घाटाचा_राजा:
आणि कुठंही लिही पण नंबरप्लेटवर नको. आमच्या पोरानं नंबराच्या शेजारी लिहिलं होतं, चौकात पावती फाडली. समास सोडवायला कोण थांबतंय तिथं.